मरहूम रुश्दी गुरुवारी कुठे जायचे

आमच्या गल्लीतला शहाता इस्त्रीवाला त्या रमजानात रोज संध्याकाळी मरायचा आणि सकाळी नऊला येऊन दुकान उघडायचा. खाटीक समोरून जाताना छातीवर हात ठेवून, 'अम्म' म्हणजे काका लावून म्हणायचा, "अल्ला तुझ्यावर रहम करो, अम्म शहाता." शहाता इस्त्रीवरचा पाय न काढता म्हणायचा, "आधी तुझ्यावर करो. तुझं वजन जास्त, त्याला वेळ लागेल." रोजा सोडून तो कॉफीच्या दुकानात बसला की मालक न विचारता बिनसाखरेची कॉफी आणून ठेवायचा. आमच्याकडे बिनसाखरेची कॉफी मयताच्या घरी पाजतात. शहाता ती तोंड वाकडं करून प्यायचा, आणि मग खिशातून स्वतःची साखर काढायचा.

हे सगळं 'दौलतची भट्टी' या मालिकेमुळे.

रमजानात रोजा सुटला की सगळं कैरो एकच मालिका बघतं. त्या वर्षी ही होती. दौलत नावाची विधवा नवऱ्यामागे कॉफी भाजायची भट्टी चालवते, दीर ती बळकावायला टपलेले, आणि प्रत्येक संकटात ती डोळे वर करून म्हणते, "मरहूम रुश्दी म्हणायचे..." हा मरहूम रुश्दी कुणी पाहिला नाही. त्याला नट नव्हता, आवाज नव्हता, भिंतीवर फोटोसुद्धा नव्हता. दौलत बोलताना खोलीच्या डाव्या कोपऱ्यात बघायची आणि कॅमेरा मात्र तिच्या तोंडावरून हलायचा नाही. तरी सगळ्या देशाला रुश्दी ठाऊक होता. आमच्या गल्लीला जरा जास्तच.

तिसऱ्या भागात दौलत म्हणाली, "मरहूम कधी सुरीने कांदा कापायचे नाहीत. मुठीने फोडायचे. म्हणायचे, सुरीला कांद्याचं मन काय कळणार."

एका क्षणात गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांतून ओरडा झाला, "शहाता!"

कारण हे शहाताचं वाक्य. त्याच्या दुकानात बसलेल्या प्रत्येकाने ते ऐकलेलं. चौथ्या भागात कळलं की मरहूम गार चहासुद्धा फुंकून प्यायचे. पाचव्यात, झोपेत त्यांचा उजवा पाय पुढेमागे हलायचा. शहाताची इस्त्री जुन्या पद्धतीची, पायाने ढकलायची: खाली पाट, पाटावर कापड, कापडावर बारा किलोचं लोखंड, लोखंडावर उजवा पाय. तीस वर्षं तो पाय दिवसभर पुढेमागे होतोय. रात्री तो थांबेल कसा? पण ही गोष्ट फक्त बायकोलाच माहीत असणार. दुसऱ्या दिवशी उम्म नादिर, म्हणजे शहाताची बायको, नादिरची आई, डोक्यावरचा रुमाल नाकापर्यंत ओढून पावाच्या रांगेत आली.

मालिका लिहिणारा उस्ताद वगदी दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्याच्याकडे धड शर्ट दोनच. एकाला इस्त्री होईपर्यंत तो बनियनवर कोट चढवून शहाताच्या बाकड्यावर बसायचा आणि शहाता बोलायचा. शहाताला बोलायला ऐकणारा लागतो, वगदीला लिहायला बोलणारा. दोघांचं जमलं. चोरी म्हणाल तर चोरी. मी, म्हणजे नगातबाई, वगदीला तोंडावर तसं म्हटलं होतं. तर म्हणाला, "सित्त नगात, मी त्याला अमर केलाय." मी म्हटलं, "आधी मारलायस, मग अमर केलायस. मधल्यामध्ये विचारायचं राहिलं."

शहाताची मात्र तक्रार नव्हती, आणि उम्म नादिरची तर मुळीच नाही. पहिली लाज ओसरली तशी ती फुलली. मालिकेच्या वेळी सहा-सात बायका तिच्या खोलीत जमायच्या, मधली उशी तिची. दौलत "मरहूम म्हणायचे" म्हणाली की बायका उम्म नादिरकडे बघायच्या आणि ती मान हलवून मान्यता द्यायची. "हो, असंच म्हणतो." कुणी म्हणे, "अल्ला तुला धीर देवो, बहिणी." ती म्हणे, "देतोय, देतोय." जिवंत शहाताने बावीस वर्षांत जेवढा मान मिळवून दिला नव्हता तेवढा मेलेल्याने तीन आठवड्यांत दिला.

तसा एक मान तिला आधीपासून होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या गल्लीत उम्म नादिर हे वर्तमानपत्र होतं. तिला स्वतःला अक्षर येत नाही, पण शहाता रोज संध्याकाळी तिला पेपर वाचून दाखवायचा आणि सकाळी पावाच्या रांगेत ती गल्लीला बातम्या द्यायची. आणि काय बातम्या! अस्वानला मगरीने पोस्टमनची सायकल गिळली, पत्रं तेवढी सोडली. सुएझला एक जहाज कालव्यात आडवं आलं तर कप्तानाच्या आईने किनाऱ्यावरून शिव्या घालून ते सरळ केलं. दुसऱ्या कुणाच्या पेपरात हे नसायचं. उम्म नादिर म्हणायची, "तुमचे नवरे नुसते मथळे वाचतात. माझा आतलं वाचतो."

आता बाविसावा भाग. त्या दिवशी माझी भाची उम्म नादिरच्या खोलीत होती, तिने सांगितलेलं लिहिते.

दौलत भट्टीपाशी बसली होती. दार वाजलं. दारात काळ्या कपड्यातली एक बाई, सोबत लग्नाच्या वयाची मुलगी. बाई म्हणाली, "मी रुश्दीची बायको. ही त्याची मुलगी. दर गुरुवारी तो कुठे जायचा, तू कधी विचारलंस का?"

मालिका तिथे तुटली. शेवटचं संगीत वाजलं. सात बायकांच्या चौदा डोळ्यांनी उम्म नादिरकडे बघितलं.

कारण शहाता दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर दुकानाला कुलूप लावायचा आणि सूर्य बुडेपर्यंत गायब व्हायचा. गेली दीड वर्षं. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. विचारलं तर म्हणायचा, स्टार्च आणायला जातो. आता तुम्हीच सांगा, कांदा खरा, चहा खरा, झोपेतला पाय खरा, मग गुरुवारच तेवढा खोटा कसा असेल? आमच्या लोकांचं गणित असं आहे.

उम्म नादिर उठली. खाली दुकानात गेली. शहाता सरबत पीत बसला होता.

"अबू नादिर, गुरुवारी कुठे जातोस?"

"स्टार्च आणायला."

"दर आठवड्याला? अख्ख्या कैरोच्या कॉलरी ताठ करतोस का?"

"चांगला स्टार्च लांब मिळतो गं."

"मुलगी केवढी झाली?"

"कुठली मुलगी?"

"नाव तरी माझ्या आईचं ठेवलंस का?"

शहाताने सरबताचा पेला खाली ठेवला.  तिने वर जाऊन गाठोडं बांधलं, टेरेसवरची बदकं शेजारणीच्या हवाली केली आणि नदीपलीकडे इम्बाबाला भावाकडे निघून गेली. जाताना गल्लीच्या तोंडाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मरहूमच्या घरी मी परत येणार नाही. मयताचं दुःख चाळीस दिवस करतात. मी चार तासांत आवरलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच शहाता माझ्या दारात. दाढी वाढलेली, गळ्यात मोजपट्टीसारखा ओला रुमाल.

"सित्त नगात, तू कुराणावर हात ठेवलायस. विसरू नकोस."

मी विसरले नव्हते. गुरुवारी शहाता कुठे जातो हे आमच्या बूलाक भागातल्या या अख्ख्या गल्लीत मला एकटीला ठाऊक होतं, कारण तो माझ्याकडेच यायचा. सब्तियाच्या लोखंडबाजारामागे कामगारांच्या क्लबात वरच्या खोलीत मी गुरुवारी मोठ्या पुरुषांना लिहायला-वाचायला शिकवते. मला कुणी शाळेत घातलं नाही. भाजीवाल्यांच्या पुड्यांवरून मी अक्षरं उचलली, आणि जे उचललं ते वाटते. दीड वर्षापूर्वी पहिल्याच दिवशी शेवटच्या बाकावर शहाता बसलेला दिसला, तेव्हा मला वाटलं इस्त्रीचे कपडे द्यायला आलाय.

शहाताला अक्षर येत नव्हतं. एकही नाही. पेपर तो वाचत नव्हता, बघत होता. तोंडातून जे यायचं ते सगळं त्याच्या डोक्यातलं.

हे सुरू कसं झालं तेही त्यानेच सांगितलं. उम्म नादिरचा बाप ट्रामचा कंडक्टर. डोळे गेले, नोकरी गेली, पण पेपरची भूक गेली नाही. त्याची एकच अट: मुलगी वाचता येणाऱ्यालाच देईन, मला रोज पेपर वाचून दाखवायचा. बघायला गेलेल्या शहाताने उम्म नादिरला पाहिलं आणि समोरचा पेपर उचलला. म्हातारा म्हणाला, "वाच." शहाताने वाचला. म्हाताऱ्याने लग्न ठरवलं. पुढे आठ वर्षं, म्हातारा जाईपर्यंत, शहाता त्याला रोज पेपर वाचून दाखवत होता. पेपरही कपडे गुंडाळायला आणलेल्या रद्दीतला. म्हातारा मरताना म्हणाला, "पोरा, तू वाचलेलं जग फार छान होतं."

"म्हणून मला शिकायचंय," शहाता त्या दिवशी वर्गात म्हणाला. "ईदला सगळे कबरीवर जातात. एकदा तिथे बसून त्याला खरा पेपर वाचून दाखवायचाय. तेवढं फिटलं की झालं. पण हमीदाला कळता कामा नये." हमीदा म्हणजे उम्म नादिर.

मी शपथ घेतली. घेतल्यावर मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी उम्म नादिरने पावाच्या रांगेत बातमी दिली होती की सरकार बूलाकचे नळ काढून नेणार आणि ते लोखंड विकणार. मी एकतीस बायका आणि एकतीस रिकामे डबे घेऊन पाणी खात्यावर गेले होते. दोन तास डबे बडवले. साहेब शपथेवर सांगत होता, बाई, असं काही नाही हो. मी टेबलावर मूठ आपटून म्हटलं, "पेपरात आलंय!" बिचारा घाबरला आणि दोन वर्षं कोरडा पडलेला आमचा नळ आठवड्यात चालू करून गेला. ती लढाई मी आजही सभांमध्ये सांगते.

"ती बातमी..." मी शहाताला विचारलं.

शहाता खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी दुसरं काही सुचेना."

मी फळा पुसायचं फडकं त्याच्या डोक्यात घातलं. खडूने पांढरा झाला. वर्गाला वाटलं, गृहपाठ केला नाही.

तर आता हा माणूस माझ्या दारात.

"मूर्खा," मी म्हटलं, "जा इम्बाबाला. सांग बायकोला, वर्गात जातो म्हणून. तासाभरात घरी येईल."

"नाही येणार. दुसरी बायको केली तर आज ना उद्या माफ करेल, जगात होतं असं. पण तिच्या आंधळ्या बापाला आठ वर्षं फसवलं? तिला बावीस वर्षं? आणि पावाच्या रांगेत तिची जी शान आहे, ती?" त्याने रुमालाने तोंड पुसलं. "त्यापेक्षा दुसरी बायको बरी."

"दुसरी बायको नाहीच्चे ना तुला!"

"तेच तर. असती तर निदान जेवायला तरी कुणी घातलं असतं."

मी तिथून तडक तिसऱ्या मजल्यावर गेले. वगदी स्वयंपाकघरात ओट्यावर कागद पसरून लिहीत होता. रमजानच्या मालिका कशा होतात ते बूलाकमध्ये सगळ्यांना माहीत आहे, टीव्हीची उंच इमारत आमच्या डोक्यावर तर उभी आहे. मालिका सुरू होते तेव्हा निम्मीच लिहिलेली असते. बाविसावा भाग लोक बघत असतात तेव्हा सव्विसावा चित्रित होत असतो आणि अठ्ठाविसावा लेखकाच्या डोक्यात. रोज दुपारी एक गाडी गल्लीत यायची, वगदी खिडकीतून टोपलीत कागद घालून दोरीने खाली सोडायचा.

"त्या बाईला परत पाठव," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"काळ्या कपड्यातल्या. खोटारडी आहे म्हण. शहाताचं घर मोडलंस तू."

"बाई, बाविसाव्या भागात कुणीतरी दार वाजवावंच लागतं. नाहीतर लोक दुसऱ्या वाहिनीवर जातात." त्याने पेन खाली ठेवलं. "आणि ती खोटारडी तर मग रुश्दी गुरुवारी कुठे जायचा? मला माहीत नाही. मी शहाताचं कुलूप बघितलं आणि लिहून टाकलं. तुला माहिताय?"

माझ्या जिभेवर आलेलं मी दातांनी धरलं. मला गप्प बसवणारं माणूस बूलाकमध्ये जन्माला आलं नव्हतं. त्या दिवशी माझी शपथच माझ्यावर उलटली.

"माहीत असेल तर सांग," वगदी म्हणाला. "उद्या दुपारी गाडी येईपर्यंत अठ्ठाविसावा भाग मोकळा आहे. नंतर त्या मुलीचं लग्न लावून टाकतो दौलतच्या पुतण्याशी."

खाली आले. शहाता इस्त्री करत होता. रमजानात तोंडाने पाणी फवारता येत नाही, चुकून घोट गेला तर रोजा मोडतो, म्हणून झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीने शिंपडत होता.

"उद्या दुपारपर्यंत," मी म्हटलं. "मी बोलू शकत नाही. तू बोलू शकतोस. नाही बोललास तर तुझ्या मुलीचं लग्न आहे तिसाव्या भागात."

दुकानात जळका वास पसरला. त्याने खाली बघितलं. खाटकाच्या ईदच्या झग्यावर, बरोबर पाठीवर, इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला होता. तीस वर्षांत त्याने कुणाचा कपडा जाळला नव्हता. 

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो अनवाणी तिसऱ्या मजल्यावर चढला. हातात वही. मी जिन्यात होते, पण दार बंद झालं आणि आतलं ऐकू आलं नाही. खाली गाडीवाला भोंगा वाजवून वाजवून दमला. दीडच्या सुमाराला टोपली खाली आली. त्यात कागद होते, आणि कागदांवर शहाताची वही.

अठ्ठाविसावा भाग मी कॉफीच्या दुकानात पाहिला. शहाता पाठ करून बसला होता. म्हणाला, मला आत काय होतंय ते सांगत जाऊ नका.

दौलतने मरहूमची पेटी उघडली. झगे काढले, तसबीह, म्हणजे जपमाळ, काढली, तळातून एक वही काढली. आणि पहिल्यांदाच कॅमेरा दौलतच्या तोंडावरून हलला आणि रुश्दीच्या वस्तूवर गेला. पानोपान वाकडीतिकडी अक्षरं, लहान मुलासारखी. वहीला रद्दीच्या पेपरचं कव्हर, आणि कव्हरच्या कोपऱ्यावर इस्त्रीच्या टोकाचा जळका डाग.

दौलत म्हणाली, "यांना वाचता येत नव्हतं? मग मला रोज पेपर कोण वाचून दाखवत होतं?"

मग खाटीक सावकाश उठला, त्याने शहाताच्या पुढची बिनसाखरेची कॉफी उचलली आणि स्वतःची साखरेची ठेवली. झग्याचं नाव काढलं नाही.

एक गोष्ट तेवढी लिहिते. मालिकेत गुरुवारचा वर्ग घेणारा मास्तर दाखवला होता तो एक दाढीवाला, चष्मेवाला पुरुष. फळ्यासमोर उभा राहून अश्रू पुसत होता. मी वगदीला गाठलं तेव्हा म्हणाला, "ऐनवेळी बाई मिळाली नाही." दुसऱ्या बायकोला बाई मिळाली, तिच्या मुलीला मिळाली, मास्तरालाच बरी मिळाली नाही! आजही तो समोरून आला की मी रस्ता बदलत नाही. तो बदलतो.

एकोणतिसाव्याला उम्म नादिर आली नाही. तिसाव्याला आली नाही. चंद्र दिसला, गल्लीत दिवे लागले, पाववाल्याच्या भट्टीवर घरोघरच्या ईदच्या बिस्किटांचे पत्रे भाजायला गेले, शहाताच्या घरचा पत्रा नव्हता. बायका म्हणाल्या, "दुसरी बायको परवडली, ही लबाडी मोठी." रांगेत इतकी वर्षं ज्यांनी माना डोलावल्या त्याच आता मगरीवरून हसत होत्या. "पत्रं का नाही गिळली म्हणे? तिलाही वाचता येत नसेल!"

ईदच्या सकाळी नमाज होऊन आम्ही कबरींकडे निघालो. मीही, माझी आई तिथेच आहे. शहाता एकटा चालला होता, हातात त्या दिवसाचा ताजा पेपर, इस्त्री केल्यासारखा घडी घातलेला. सासऱ्याच्या कबरीपाशी पोचला तर तिथे उम्म नादिर बसलेली. नवा काळा झगा, मांडीवर बिस्किटांचं ताट, शेजारी भाऊ.

शहाता दहा पावलांवर थांबला. मीही थांबले. कबरस्तान आहे, कुणी कुठेही थांबू शकतं.

"बस," ती म्हणाली.

तो बसला.

"बाबाला वाचून दाखव. जे लिहिलंय तेच."

शहाताने पेपर उघडला. बोट अक्षराखाली ठेवलं. घसा साफ केला. मग एकेक अक्षर, जड इस्त्री ढकलावी तसं. "मं... त्र्यां... नी..." एका मथळ्याला एवढा वेळ लागला की शेजारच्या कबरीवरच्यांचं पठण संपलं आणि तेही ऐकू लागले. मंत्र्यांनी कुठल्याशा कारखान्याची पाहणी केली आणि समाधान व्यक्त केलं. शहाताच्या कपाळावरून घाम गळत होता. कडाक्याची थंडी होती.

"पुढे?" उम्म नादिर म्हणाली.

"एवढंच आहे."

"समाधान व्यक्त केलं? बस्स?"

"बस्स."

"मगर नाही?"

"नाही."

तिने एक बिस्किट उचललं, मोडलं, अर्धं त्याच्या हातात दिलं. 

"बावीस वर्षं मी रांगेत उभी राहून शपथेवर सांगितलं," ती म्हणाली. "लोक हसतायत मला."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळेच. तुला मी सोडणार नाही. घरी चल, मग बघते." तिने ताटावरचा रुमाल सारखा केला. "आणि हे ऐक. यापुढे आधी छापलेलं वाचायचं. ते वाचून संपलं, असं म्हणायचं. मग तुझं सांगायचं. दोन्ही एकात एक घालायचं नाही."

"हो."

"कारखान्याचं संपलं ना?"

"संपलं."

"मग बाबाला कशाला ताटकळत ठेवतोस? त्याची ईद आहे."

शहाताने पेपरची घडी घातली, तिच्या सुरकुत्यांवरून तळहात फिरवला, आणि सासऱ्याच्या कबरीकडे थोडा सरकून बसला.

"तर काय झालं, बाबा," तो म्हणाला, "तो मंत्री कारखान्यात शिरला, तर आत एक बदक..."